नितमिलुक : मगरी, डोह आणि बाबांचा टॉवेल

आजचा भाग ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतला. डार्विनहून स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला साधारण 320 किलोमीटर गेलं की कॅथरिन गाव लागतं. तिथून 30 किलोमीटर आत नितमिलुक. मॅपवर ‘कॅथरिन गॉर्ज’ टाकलंत तरी हेच सापडेल. आम्ही तिघं होतो, मी आणि आई-बाबा, आणि एक भाड्याची मोटरहोम. जुलै महिना, म्हणजे तिकडचा कोरडा सीझन.

गाडीबद्दल आधी पटकन सांगून टाकतो, कारण मेसेजमध्ये सगळे तेच विचारता. स्टेअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. अवघड असतं ते रोड ट्रेनचं प्रकरण. एका ट्रकच्या मागे तीन-तीन, चार-चार ट्रेलर, लांबी 53 मीटरपर्यंत. असं धूड समोरून आलं की आपली उंच गाडी आधी बाजूला ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. दोन्ही हात स्टेअरिंगवर पाहिजेत. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, कारण संध्याकाळी कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात. आमच्या भाडेकरारात तर रात्री गाडी चालवायची नाही असं सरळ लिहिलं होतं. बस, गाडीचं एवढंच.

आता नदी. कॅथरिन नदीने वालुकाश्म कापत कापत एकामागोमाग 13 घळी तयार केल्यात. कोरड्या दिवसांत पाणी उतरतं, मधले खडक उघडे पडतात आणि एका नदीचे वेगवेगळे लांबलचक डोह होतात. त्यामुळे बोटीची सफर सलग नसते. पहिली घळ एका बोटीने, मग उतरून खडकांवरून चालत जायचं, वाटेत कातळावरची जुनी चित्रं बघायची आणि पलीकडे दुसऱ्या बोटीत बसायचं. दोन्ही बाजूंना तांबूस कडे आणि खाली गडद हिरवं, अगदी गप्प पाणी. हीच नदी जानेवारी 1998 मध्ये 20 मीटरच्या वर चढली होती आणि कॅथरिन गाव पाण्याखाली गेलं होतं. ते पाणी बघताना हे खरंच वाटत नाही.

बोटीत चढतानाच बाबांच्या खांद्यावर टॉवेल होता. नदीवर जाऊन डुबकी मारली नाही तर बाबांच्या हिशेबात ती नदी बघितलीच नाही. आईच्या पर्समध्ये रिकामी छोटी बाटली होती, ती कशासाठी हे तुमच्या घरातही माहीत असेल.

मी मगरींचं लेक्चर तयार ठेवलं होतं. तिथे दोन जातींच्या मगरी आहेत. गोड्या पाण्यातली, निमुळत्या तोंडाची, ती नितमिलुकमध्ये बारा महिने राहते. पहिल्या घळीतल्या वाळूवर ती अंडी घालते, म्हणून त्या वाळूवर पाय ठेवू नका अशा पाट्या आहेत. सहसा ती माणसाच्या वाटेला जात नाही. खरी भीती खाऱ्या पाण्यातल्या मगरीची. ती नावालाच खाऱ्या पाण्यातली. पावसाळ्यात नदी चढली की ती खुशाल वरपर्यंत येते. मग पाणी उतरल्यावर रेंजर सापळे लावतात, रात्री बॅटरीच्या झोतात नदी तपासतात आणि खात्री पटल्यावरच ठरावीक जागा खुल्या करतात.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “म्हणजे तपासून सोडतात ना? मग झालं तर.”

दुसऱ्या घळीत आमच्या गाईडने इंजिन बंद केलं. जावोयन समाजाचा तरुण मुलगा, माझ्याच वयाचा असेल. त्याने सांगितलं की इथल्या खोल पाण्यात बोलुंग राहतो. इंद्रधनुष्याचा सर्प. तो वीज होऊन येतो, पूरही तोच आणतो. जावोयन माणसं या डोहात मासे धरत नाहीत. जवळपास धरलेच तर थोडेसेच ठेवतात, बाकीचे बोलुंगसाठी परत पाण्यात. प्यायचं पाणीही नदीतून न घेता बाजूच्या उथळ डबक्यांतून घेतात. गरोदर बायका नदीत उतरत नाहीत.

मी हळू आवाजात भाषांतर करत होतो. निम्म्यावर आलो तोच बाबा म्हणाले, “आसरा आहेत रे इथे,” आणि टॉवेलची घडी घालून मांडीवर ठेवला. आईने पर्सची चेन लावली.

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. आपल्याकडे नदीचा खोल डोह, जुनी विहीर अशा ठिकाणी त्यांचा वास मानतात. शेंदूर लावलेले सात दगड, त्यांना ओटी, नैवेद्य. त्या पाण्यात मस्ती करायची नाही.

आमच्या गावालाही असा डोह होता. ‘होता’ म्हणतोय, कारण मी जन्मायच्या आधीच तो धरणाच्या फुगवट्यात गेला. गाव वर सरकलं, ते सात दगड खालीच राहिले. बाबा याबद्दल कधी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी मला गाईडला एक प्रश्न विचारायला लावला : “तुमचा डोह तुमच्याकडे कसा राहिला?”

उत्तर सोपं नव्हतं. 1976 मध्ये ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. 1978 मध्ये जावोयन लोकांनी दावा लावला. कुठली जागा कुणाची, तिच्याशी कुणाचं काय नातं, हे त्यांना सुनावणीत सिद्ध करावं लागलं. कॅथरिन गावातल्या बऱ्याच लोकांचा विरोध होता. शेवटी 1989 मध्ये जमीन परत मिळाली, ती राष्ट्रीय उद्यानासाठी 99 वर्षांच्या कराराने सरकारला द्यायची या बोलीवर. पण उद्यान चालवणाऱ्या मंडळात बहुमत जावोयनांचं आहे, आणि आम्ही बसलो होतो ती बोटही त्यांच्याच कंपनीची. मला हा सौदा अर्धाच न्याय वाटतो. बाबांना तो पुष्कळ वाटला. यावर आमचं रात्री मोटरहोममध्ये खिचडी खाताना चांगलंच वाजलं.

“अकरा वर्षं लागली त्यांना,” मी म्हणालो.

“आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेलिनला गेलो. हाही याच उद्यानाचा भाग, पण वाट वेगळी : कॅथरिनहून हायवेने 40 किलोमीटर उत्तरेला आणि मग 20 किलोमीटर आत. धबधब्याखाली मोठं कुंड आहे. पोहायला खुलं असल्याची पाटी मी वाचली, बाबांनी पुन्हा वाचायला लावली आणि मग ‘हर हर गंगे’ करत उतरले. पाणी चांगलंच गार असतं, तयारीने जा. बाटली आईने तिथेही भरली नाही.

पुढच्या भागात मटारांकाचे गरम झरे. तोपर्यंत तुमच्या गावच्या डोहाचं नाव मला व्हॉइस मेसेजवर नक्की पाठवा.