छातीतील जळजळ : कारणे आणि घरगुती उपाय

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हकीम तर नाहीच. इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. तरीही हा विषय मी स्वतःहून मागून घेतला. त्याचे कारण पुढे येईलच.

जेवणानंतर छातीच्या मधोमध आग होते, घशाशी आंबट पाणी येते, ढेकर कडू लागते. आपण त्याला ‘पित्त झाले’ म्हणतो. वस्तुतः बहुतेक वेळा हे यकृतातले पित्त नसते, तर जठरातले आम्ल असते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी आहे. घास खाली जाताना ती उघडते व मग मिटते. ती सैल पडली, किंवा पोटावर दाब आला, की आम्ल वर चढते. जठराला आतून संरक्षक अस्तर आहे, अन्ननलिकेला तसे नाही, म्हणून जळते.

आम्ल म्हणजे मात्र शत्रू नव्हे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार उडाला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडून पचन कसे होते ते पाहिले, आणि १८३३ साली त्यावर पुस्तक छापले. जठररसाने अन्न विरघळते, हे तिथे डोळ्यांनी दिसले. तेव्हा आम्ल हवेच. फक्त ते आपल्या जागी राहिले पाहिजे.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. मुलुंड-घाटकोपरचा असो वा बोरिवली-अंधेरीचा, आपला नोकरदार माणूस सकाळी चहावर निघतो, दुपारचा डबा घाईने संपवतो, संध्याकाळी फलाटावर उभ्याउभ्या वडापाव गिळून गाडी पकडतो, साडेनऊला घरी पोचतो, दहाला पोटभर जेवतो आणि साडेदहाला आडवा होतो. वडापावला मी दोष देत नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर तो सुरू झाल्यापासून त्याने या शहरातल्या लाखो कष्टकऱ्यांची भूक भागवली आहे. खरा घात करते ते जेवून लगेच आडवे होणे. उभे असताना अन्न आपल्या वजनानेच खाली राहते. आडवे होताच ती मदत संपते.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. घरी पोचायलाच उशीर होत असेल तर सायंकाळी सातच्या सुमारास पोळी-भाजी खाऊन घ्या व रात्री थोडेसेच घ्या. झोपताना डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठरातले आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते. पलंग असेल तर उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उंच करा. आपल्यापैकी पुष्कळजण खाली अंथरुणावर झोपतात. त्यांनी कमरेपासून डोक्यापर्यंत गोधड्यांच्या घड्यांचा उतार करावा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान दुखते आणि पोट दुमडते.

रमजानबद्दल स्वतंत्र बोलले पाहिजे. दिवसभराच्या उपवासानंतर आपण खजूर-पाण्यापाठोपाठ भजी, समोसे आणि थंड सरबत एकाच बैठकीत संपवतो. तळलेले अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळते. त्यावर लगेच नमाजात वाकलो की आम्ल वर येते. इफ्तार हलका ठेवावा, मगरिबनंतर थोडे जेवावे, आणि तरावीहला भरल्या पोटी जाऊ नये. सहरी करून फजरनंतर पुन्हा झोपण्याची सवय तर सर्वांत वाईट. थोडी आधी सहरी करा, नंतर बसून वाचा, फिरून या. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वाग्भटाच्या आयुर्वेदातही पोटाचे चार भाग करून एक वायूसाठी रिकामा सोडायला सांगितले आहे. दोन्ही परंपरांचा सल्ला एकच. पाळत मात्र कोणीच नाही. मीसुद्धा बिर्याणी दिसली की विसरतो.

घरगुती औषधांविषयी थोडे. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पण त्यानेच पुढे आम्ल अधिक सुटते. पुदिना थंड समजला जातो, तरी काहींच्या बाबतीत तो ती कडी सैल करतो. जेवणानंतर बडीशेप सावकाश चघळावी; लाळ सुटते आणि लाळ आम्ल सौम्य करते. खायच्या सोड्याने आराम पडतो, परंतु त्यात सोडियम असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने तो घेऊ नये, आणि तुडुंब पोटावर तर कोणीच घेऊ नये. तंबाखू, विडी, दिवसभराचा चहा, घट्ट आवळलेला पट्टा किंवा नाडी, वाढलेले पोट : यांतले जे कमी होईल ते करावे. अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत.

दुकानातून गोळ्या आणून महिनोन्‌महिने गिळणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. रॅनिटिडीन घरोघरी होती. तीत कर्करोगाची शंका असलेला घटक आढळल्याने २०२० साली अमेरिकेत तिची विक्री थांबवली गेली, आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती वगळली गेली. गोळी घ्यायचीच तर किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता मी हा विषय का मागितला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी रमजानमध्येच तरावीहहून परतल्यावर आमच्या अब्बांच्या छातीत जळजळ सुरू झाली. त्यांना पित्ताचा जुना त्रास. अम्मीने सोडा दिला, मी पाठ चोळली. त्यांना घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. आम्ही म्हटले, गॅस असेल. दवाखान्यात नेले ते सहरीच्या वेळी. तो हृदयविकाराचा झटका होता. अब्बा वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. त्यांना आता जिना चढवत नाही. सुशिक्षित मुलगा शेजारी बसून असताना हे घडले.

जळजळीबरोबर घाम, धाप, किंवा हात, जबडा वा पाठ यांकडे सरकणारी कळ असेल तर सोडा शोधू नका, १०८ क्रमांकावर फोन करून ताबडतोब दवाखाना गाठा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही व्यक्तींमध्ये ही लक्षणे पुसटही असू शकतात. घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काहीही दिसले तरी घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मुलांनो, हे आज रात्री घरी आजी-आजोबांना वाचून दाखवा, आणि १०८ हा आकडा घरात दिसेल अशा जागी लिहून लावा.