दोन पोरक्या कोकरांचे संगोपन
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



रूळ, सांधे आणि सिग्नल सांभाळणाऱ्या डिप्लोमा इंजिनिअरने मेंढ्यांवर काय बोलावे, असे आपणास वाटेल. परंतु बिकानेर भागात नोकरी केली की मेंढपाळांशी ओळख होतेच. अशाच एका राईका मेंढपाळाची मेंढी व्याल्यावर दगावली. दुसरी मेंढी तिच्या दोन कोकरांना जवळ घेईना आणि कळपाला पुढच्या मुक्कामाला निघायचे होते. आमच्या क्वार्टरमागे कुंपणातली दहा गुंठे गवताची जागा होती. कोकरे आमच्याकडे आली.

सर्वांत महत्त्वाचा चीक. मेंढीच्या पिल्लाला रोगप्रतिकारशक्ती गर्भात मिळत नाही, ती चिकातून मिळते. आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता साधारण २४ तासांत संपते. एका वेळी वजनाच्या किलोमागे ५० मि.लि., असा दिवसातून चार वेळा चीक द्यावा. मेंढपाळाने ताज्या व्यालेल्या मेंढीचा चीक काढून पाजला होता, म्हणूनच पुढचे सारे शक्य झाले. मेंढीचा नसेल तर शेळीचा किंवा गाईचा चालतो.

दुसरी गोष्ट ऊब. कोकराचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते. गारठलेल्या कोकराला आधी ऊब द्यावी, मग दूध. नाहीतर दूध फुफ्फुसात जाते.

तिसरी गोष्ट आपल्या खात्यातलीच आहे! कोकरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाची एक घडी मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जाते. जणू सांधा बदलून गाडी योग्य लाईनवर घेतली. म्हणून दूध नळीने ओतू नये, बाटलीने चोखू द्यावे. कोकरू उभे असावे, मान फार वर ताणू नये. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा घट्ट असते, तेव्हा गाईच्या दुधात पाणी मुळीच घालू नये.

पहिला आठवडा पाच-सहा वेळा दूध पाजावे लागते. आम्ही सहकाऱ्यांनी पाळ्या लावल्या. पहाटेची बाटली नाईट ड्युटीवरून परतणाऱ्याकडे असे. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला आणि थोडा खुराक समोर ठेवला. गाई-म्हशींचे क्षारमिश्रण मात्र दिले नाही, कारण जास्तीचे तांबे मेंढीला विषारी ठरते. कुरणाचे चार भाग करून आळीपाळीने चारले, म्हणजे जंतांचा त्रास कमी होतो. आंत्रविषार आणि पीपीआरच्या लसी पशुवैद्यांच्या सल्ल्याने दिल्या.

आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'सुवर्णा' तयार केली. जुळी वाढली की बाटलीवरची कोकरेही वाढणार, तेव्हा ही माहिती गावाकडेही उपयोगी पडेल.

शेवटचे काम सर्वांत अवघड. मुलांना लळा लागला होता. पण नर कोकरू माणसाळले, की मोठेपणी माणसालाच टक्कर देते, म्हणून डोक्याशी ढकलाढकलीचे खेळ बंद ठेवले. तीन महिन्यांनी दूध हळूहळू तोडले आणि दोघांना रोज तास-दोन तास जवळच्या कळपात सोडू लागलो. एके संध्याकाळी ती परत यायला तयार होईनात. मुले रडली, मी मात्र समाधानाने घरी आलो. कोकरू हे खेळणे नाही, मेंढपाळाच्या घरची पुंजी आहे. ते त्याच्या कळपात जगायला लायक झाले, म्हणजे आपली ड्युटी पूर्ण झाली.