पडलं तर रुपयात किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' शक्य तेवढे काढलेत, सगळे निघाले नसतील.

सुरुवातीलाच सांगतो, मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. मी कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे कुठला फंड घ्या, कुठला शेअर विका, हे आज सांगणार नाही. आपल्याकडे जे आहे ते नीट कसं वाचायचं, तेवढंच बोलू.

विषय आत्ताच का घेतला? आमच्या कंपनीत गेल्या तिमाहीत कपात झाली, माझ्याच टीममधले दोघं गेले. आणि माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून येत्या मेमध्ये रिटायर होतायत. म्हणजे घरातला एक पगार नक्की थांबणार आहे आणि दुसऱ्याची खात्री नाही. अशा वेळी ॲप उघडून 'तुमचा नफा ३४ टक्के' असं हिरव्या अक्षरात वाचून काय कळतं? काहीच नाही.

आधी तो हिरवा आकडा समजून घेऊ. बहुतेक ॲप पहिल्या स्क्रीनवर 'ॲब्सोल्यूट रिटर्न' दाखवतात, म्हणजे घातले किती, झाले किती, बस्स. त्यात वेळ कुठेच नसतो. समजा तुम्ही महिन्याला १०,००० ची एसआयपी तीन वर्षं केली. घातले ३,६०,०००, आज झालेत ४,३२,०००. ॲप म्हणतं २० टक्के. मित्र म्हणतो, भागिले तीन कर, वर्षाला पावणेसात टक्केसुद्धा नाहीत, एफडी काय वाईट होती? पण तुमचा पहिला हप्ता तीन वर्षं आत होता आणि शेवटचा फक्त एक महिना. सरासरी प्रत्येक रुपया दीड वर्षच कामाला होता. ते धरून हिशेब केला तर वार्षिक दर येतो साधारण १२.२ टक्के.

आता दुसरं उदाहरण. दहा वर्षांपूर्वी एकरकमी एक लाख घातले, आज दोन लाख झाले. ॲप म्हणतं १०० टक्के! वार्षिक दर मात्र ७.२. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ आहे, तोही काही न करता. तर या दोघांत २० टक्केवाला पुढे आहे, १०० टक्केवाला मागे.

हा हिशेब करणारं फंक्शन म्हणजे एक्सआयआरआर. गूगल शीट्समध्ये आहे, एक्सेलमध्ये आहे. एका कॉलममध्ये तारखा, दुसऱ्यात रकमा. घातलेले पैसे उणे, मिळालेले अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत. बीटेकला चार वर्षं घालवली, पण घरी सगळ्यात जास्त उपयोग या एका फंक्शनचा झालाय.

पप्पांची एक पॉलिसी आहे. त्यांच्या बँकेतल्या साहेबांनी 'एफडीसारखीच आहे, वर विमा फुकट' म्हणून दिलेली. दहा वर्षं दरवर्षी ६०,००० भरायचे, पंधराव्या वर्षाच्या शेवटी ९ लाख मिळणार. सहा भरून नऊ मिळतात, दीडपट, ऐकायला झकास. एक्सआयआरआर काढला, ३.९ टक्के. हे ऐकल्या ऐकल्या आमच्या मामांचा निकाल तयार, "मोडून टाका!"

पण थांबा. ३.९ हा मागचा दर आहे. सगळे हप्ते भरून झालेत, ते पैसे गेले ते गेले. आता प्रश्न एवढाच की आज मोडली तर किती, आणि थांबलो तर किती. आज मोडून ७ लाख ६० हजार हातात येतात, आणखी दोन वर्षं थांबून ९ लाख. ७.६० चे दोन वर्षांत ९ होणं म्हणजे वर्षाला जवळपास ८.८ टक्के. घरबसल्या एवढा व्याजदर आत्ता कुठे मिळतोय? म्हणून पॉलिसी तशीच ठेवली. विकत घेताना वाईट असलेली गोष्ट शेवटच्या टप्प्यात धरून ठेवण्यासारखी असू शकते. उलटही होतं. पाच वर्षं छान चाललेला फंड पुढेही तसाच चालेल, हे त्याचा मागचा एक्सआयआरआर सांगत नाही.

बरं, हे सगळं एका जागी आणायचं कसं? म्युच्युअल फंडांसाठी कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवरून सीएएस मागवा, म्हणजे कन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट. तुमच्या पॅनवरचे सगळे फंड एका पीडीएफमध्ये येतात. डीमॅट असेल तर एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं स्टेटमेंट ईमेलवर येत असतं, बहुतेक लोक ते न उघडता ठेवतात. रोजची एनएव्ही ॲम्फीच्या साइटवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळते, ज्यांना पायथन येतं त्यांचं काम दहा ओळींत होईल. फक्त ही पीडीएफ कुठल्याही अनोळखी 'फ्री ॲनालायझर'वर चढवू नका. तुमचा पॅन, पत्ता, सगळी मालमत्ता त्यात आहे.

पण सीएएसमध्ये ईपीएफ नसतो, एफडी नसते, पीपीएफ नसतो, आईचं सोनं नसतं आणि गावच्या पतसंस्थेतली ठेवही नसते. ते हातानेच भरावं लागतं. पतसंस्थेबद्दल एक गोष्ट आमच्याकडच्या मंडळींनी नीट ऐका. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं विमा संरक्षण आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा मुंबईत लोक कसे रांगा लावून उभे होते ते टीव्हीवर पाहिलंच असेल. ती तर बँक होती. आमची पतसंस्थेतली दोन लाखांची ठेव मुदत संपली की बँकेत जाणार आहे, अर्धा टक्का कमी मिळाला तरी.

मग मी शीट तयार केली. माझ्या नावावर इक्विटी फंड १४ लाख, कंपनीचे शेअर ९ लाख, ईपीएफ ५ लाख, लिक्विड फंड आणि एफडी मिळून ३ लाख. एकूण ३१. दिवाळीला घरी गेलो तेव्हा पप्पांना लॅपटॉपवर दाखवली. पाय चार्ट, रंगीत. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि विचारलं, "बाजार पडला तर यातलं किती पडतंय?"

मी म्हटलं, "२०२० सारखं झालं तर ३८ टक्के धरा."

"अरे, टक्क्यात नको सांगू. रुपयात सांग."

तर हा कॉलम पप्पांचा. नाव 'पडलं तर'. २०२० मध्ये निफ्टी जानेवारीतल्या उंचीवरून २३ मार्चपर्यंत साधारण ३८ टक्के खाली आला होता, त्या एकाच दिवसात जवळपास १३ टक्के. २००८ मध्ये सेन्सेक्स साधारण २१ हजारांवरून आठ हजारांच्या घरात आला होता, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास घसरण. मी मधला हिशेब नको म्हणून २०२० चाच धरला. १४ लाखांवर ५ लाख ३२ हजार. कंपनीचा शेअर एकटा असल्यामुळे निम्म्यावर येईल असं धरलं, ९ वर साडेचार. एकूण जवळपास पावणेदहा लाख. टक्क्यात ऐकताना मान डोलावता येते. पावणेदहा लाख ऐकल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आणि खरी गोम पुढे आहे. मार्केट पडतं तेव्हा आयटीत कपात होते, कंपनीचा शेअर पडतो, नवीन नोकरीही लवकर मिळत नाही. हे तिन्ही वेगवेगळे धोके नाहीत, एकच आहे. माझा पगारही त्याच कंपनीतून, शेअरही तिचेच. वर कुणी आयटी सेक्टर फंड घेतला असेल तर विचारायलाच नको. ॲप त्याला 'डायव्हर्सिफाइड' म्हणेल, कारण ॲपला तुमचा पगार कुठून येतो ते माहीत नसतं.

ज्यांना आरएसयू मिळतात त्यांच्यासाठी एक चाचणी. शेअर व्हेस्ट होतात त्या दिवशीची किंमत पगारात धरून त्यावर कर कापला जातो. म्हणजे तो पगारच आहे. आता तेवढीच रक्कम रोख बोनस म्हणून मिळाली असती, तर तुम्ही त्याच दिवशी जाऊन त्या पैशाचे कंपनीचे शेअर घेतले असते का? माझं उत्तर 'नाही' आलं. त्यामुळे नियम ठरवलाय, व्हेस्ट झाले की विकायचे. लगेच विकले तर वेगळा कॅपिटल गेन जवळजवळ नसतोच. आणि शेअर अमेरिकेतल्या कंपनीचे असतील तर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायला विसरू नका, एक शेअर असला तरी.

दुसरा कॉलम 'कधी लागणार'. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि कुठल्याच ॲपमध्ये नाही. पुण्यातला माझा खर्च भाड्यासकट ४५,०००, गावचा ३०,०००. मेनंतर काय होईल? पप्पांना पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून जे येईल त्यातले १५ लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवायचे ठरलंय. आत्ताचा दर ८.२ टक्के, दर तिमाहीला ३०,७५० येतील. म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. ईपीएसची पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास. तेहतीस वर्षं नोकरी करून साडेचार हजार, हे एकदा मोठ्यानं वाचून बघा. धरून पावणेपंधरा. गावच्या खर्चातले उरलेले सव्वापंधरा मी पाठवायचे.

म्हणजे माझी नोकरी गेली तर महिन्याला साठ हजार लागणार. हाताशी ३ लाख, म्हणजे पाच महिने. आमच्या टीममधल्या एकाला नवीन नोकरीला सात महिने लागले. म्हणून मी नऊ महिने धरलेत, ५ लाख ४० हजार. कमी पडणारे २ लाख ४० हजार कंपनीचे शेअर विकून लिक्विड फंडात गेले. ३१ लाखांचा पोर्टफोलिओ आणि अडचण अडीच लाखांची होती, हे पाय चार्टमध्ये दिसलंच नसतं.

उरलेले इक्विटी फंड मी हलवलेले नाहीत, कारण त्यांच्या 'कधी लागणार' कॉलममध्ये दहा वर्षांनंतरची तारीख आहे. पाच लाख पडले तरी त्या पैशाला सध्या काही काम नाही. फक्त दोन गोष्टी तपासल्या. एक, फंडांची नावं वेगळी पण आत माल तोच आहे का. सेबीच्या नियमाने लार्ज कॅप फंडाला ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच घालावे लागतात. मग तीन लार्ज कॅप फंड घेऊन काय वेगळं मिळणार? फॅक्टशीट उघडा, पहिल्या दहा नावांत एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स सगळीकडे दिसतील.

दुसरी, फंड रेग्युलर आहे की डायरेक्ट. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत. समजा खर्चात १ टक्क्याचा फरक आहे. महिन्याला १०,००० वीस वर्षं, १२ टक्क्यांनी ९२ लाखांच्या आसपास होतात, ११ टक्क्यांनी साडेएक्याऐंशी. दहा लाखांचा फरक. एजंट खरंच सल्ला देत असेल, बाजार पडल्यावर फोन उचलत असेल, तर द्यावेत ते पैसे, माझी तक्रार नाही. पण फॉर्म भरून गायब झालेल्या माणसाला वीस वर्षं कमिशन कशाला? बदलताना मात्र एकदम बदलू नका. बदल म्हणजे विक्रीच धरतात. इक्विटीत एका वर्षावर ठेवलेल्या युनिटच्या नफ्याला आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. मार्चमध्ये थोडं, एप्रिलमध्ये थोडं, असं केलं तर दोन वर्षांची सूट वापरता येते.

राहिलं नॉमिनेशन. शीटमध्ये तोही कॉलम ठेवा. माझ्या पहिल्या फोलिओत नॉमिनीच नव्हता, आता सगळीकडे आई आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय, शेवटी वारसाहक्काचा कायदाच लागू होतो. पप्पांनी मृत्युपत्राचा विषय काढल्यावर आई उठून गेली. तो विषय अजून तिथेच आहे, संक्रांतीला परत काढणार आहे.

शीटची रिकामी प्रत हवी असेल तर मेसेज करा, माझे आकडे काढून पाठवतो. पुढच्या भागात टर्म इन्शुरन्स घेऊ, त्यावर तुमचे प्रश्न बरेच आलेत. तोपर्यंत ते सीएएस मागवून ठेवा. भेटू.