छापील कागद आणि आईची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाला बाहेरच्या पाहुण्याबाई बोलावून त्यांचे व्याख्यान ठेवण्याचा आपला रिवाज आहे. या खेपेस सभासदांपैकीच कोणी बोलावे असे चिटणीसबाईंनी ठरवले आणि माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा ही बाई लोणच्यावर नाहीतर भरतकामावर बोलणार, असा पुष्कळजणींचा समज झाला असेल. परंतु गेले काही महिने माझ्या डोक्यात निराळाच विषय घोळतो आहे, तोच आज मांडते. शरीराच्या आतली जी चित्रे घेतात, एक्स-रे, सोनोग्राफी वगैरे, त्यांच्यावर संशोधन करणारी मंडळी आपले काम लिहून कोठे छापतात, ते कोण तपासते, आणि छापून आल्याने आपल्यासारख्या बायांचे काय होते, हा तो विषय.

निमित्त झाले माझ्या भाचीचे. ती डॉक्टर आहे आणि पुण्यास रेडिओलॉजीचे पुढचे शिक्षण घेते. छातीत गाठ लागली म्हणून आलेल्या बायकांच्या सोनोग्राफीवर तिने दोन वर्षे खपून एक लेख तयार केला आणि डॉक्टरांच्या एका नियतकालिकाकडे पाठवला. चार महिन्यांनी तो परत आला. रविवारी आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. मी म्हटले, "अगं, साभार परत आला एवढेच ना? आमच्या शेजारचे मास्तर दिवाळी अंकांना कथा पाठवीत, त्यांच्याकडे अशा पाकिटांचा गठ्ठा होता." तेव्हा ती म्हणाली, "मावशी, कथा आवडली नाही म्हणून परत येते. माझा लेख का परत आला ते त्यांनी तीन पाने लिहून कळवले आहे." आणि ती तीन पाने तिने मला मराठीत सांगितली.

त्यांची रीत अशी, की लेख आला म्हणजे संपादक तो त्याच विषयातल्या दोघा-तिघा जाणत्यांकडे पाठवतो. त्यांना परीक्षक म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यांना या कामाचा पैसा मिळत नाही आणि त्यांची नावेही लेखकाला कळत नाहीत. ते विचारतात, चित्र कोणत्या यंत्रावर काढले, किती बायका पाहिल्या, कोणाला वगळले, का वगळले. चित्रात एखादी जागा मुद्दाम उजळ किंवा काळी केलेली चालत नाही. ज्या बाईचे चित्र छापायचे तिचे नाव-गाव झाकलेले असावे लागते आणि तिच्यावरून तिला कोणी ओळखण्याजोगे असेल तर तिची संमतीही लागते. हे ऐकून मला जरा बरे वाटले. उलट काही नियतकालिके पैसे घेऊन वाटेल ते न तपासता छापतात, असेही ती म्हणाली. वजन न बघता सोने घेणाऱ्या सोनारासारखे ते झाले.

पण एवढी घासाघीस कशासाठी? चित्र तर डोळ्यांना दिसतेच! असे मी म्हणताच तिने मला जुन्या गोष्टी सांगितल्या, आणि मग दर रविवारी त्याच चालल्या.

पहिली गोष्ट थोडक्यात सांगते. जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्ग गावी 1895 च्या नोव्हेंबरात राँटजेन नावाच्या प्राध्यापकाला क्ष-किरण सापडले. 22 डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीचा, बेर्थाबाईंचा, हात त्या किरणांपुढे धरून चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी तेवढी उमटली. ते बघून बाई घाबरल्या, आपले मरणच दिसले म्हणाल्या, असे सांगतात. पण राँटजेनने ते चित्र कौतुकाने कपाटात ठेवले नाही. 28 डिसेंबरला त्याने आपला लेख गावातल्या विद्वत्सभेच्या वृत्तांतात छापण्यासाठी दिला, आणि 1896 च्या नववर्षदिनी त्याच्या छापील प्रती चित्रांसह ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना टपालाने धाडल्या. त्याने त्याचा एकाधिकारही घेतला नाही. कृती उघडी छापली होती म्हणून थोड्याच आठवड्यांत दुसऱ्या देशांतही तशी चित्रे निघू लागली. भाचीचे म्हणणे असे, की छापणे म्हणजे नाव मिरवणे नव्हे. दुसऱ्याला आपल्या चुलीवर तेच करून बघता यावे म्हणून पाककृती संपूर्ण देणे. एखादी बाई पाककृती सांगताना एक जिन्नस मुद्दाम गाळते ना, तसे येथे चालत नाही.

आता माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट. 1958 सालच्या जून महिन्यात इंग्लंडातल्या दोन मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकांत तीन आठवड्यांच्या अंतराने दोन लेख आले. दोन्ही बाईच्या पोटाविषयी.

पहिला आला 7 जूनला, 'लॅन्सेट'मध्ये. ग्लासगोचे इयन डोनाल्ड हे बायकांचे डॉक्टर, त्यांचे सहकारी मॅकव्हिकर आणि इंजिनियर टॉम ब्राउन, अशा तिघांचा. लोखंडाच्या जोडकामात भेग आहे का हे ध्वनीच्या लहरींनी तपासण्याचे यंत्र कारखान्यांत असे. डोनाल्ड यांच्या एका रुग्ण बाईंचे यजमान बॉयलरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या ओळखीने 1955 मध्ये डॉक्टरसाहेब शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून कारखान्यात घेऊन गेले, आणि ताडून बघायला मांसाचा एक मोठा तुकडाही घेतला! पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचा प्रतिध्वनी वेगळा येतो हे त्यांना तेथे दिसले. पुढे त्यांनी ते यंत्र रुग्णांवर चालवले. एका बाईला जठराचा कर्करोग आहे, आता उपाय नाही, असे सांगून झाले होते. सोनोग्राफीत ती अंडाशयाची मोठी गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली. ही हकीकत त्या लेखात आहे. आज आपल्या सोनोग्राफीचे मूळ लोक त्या लेखात दाखवतात.

(सोनोग्राफीचा आपल्याकडे मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्याकडे उपयोग झाला, त्यावर 1988 मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांआधी कायदा केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, हे आपण सर्वजणी जाणतो. तो विषय एका भाषणाचा आहे, तेव्हा आज त्यात शिरत नाही.)

दुसरा लेख 28 जूनला 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. लिहिणाऱ्या ॲलिस स्ट्युअर्ट. 1906 सालचा जन्म, ऑक्सफर्डला काम. लहान मुलांत रक्ताचा कर्करोग वाढतो आहे आणि कारण सापडत नाही, म्हणून या बाईंनी ठरवले, की आपण आयांना विचारू. कर्करोगाने मूल गेलेल्या आयांना शोधून, आणि प्रत्येकीबरोबर त्याच वयाचे मूल जिचे धडधाकट आहे अशी त्याच भागातली आई घेऊन, दोघींना एकच प्रश्नावली विचारायची. भगिनींनो, हे सोपे काम नव्हे. ज्या घरात मूल गेले त्या घराचे दार वाजवायचे आणि गरोदरपणी काय खाल्ले, कोणते आजार झाले, कोणती औषधे घेतली, एक्स-रे काढला होता का, हे विचारायचे.

या कामाला पैसा कोठून आला ते ऐकून मी उडालेच. लेडी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून 1000 पौंड मिळाले. लेडी मेहेरबाई टाटा म्हणजे सर दोराबजींच्या पत्नी. मुंबईच्या. साडी नेसून टेनिस खेळत, बायकांच्या संस्थांत राबत, शारदा कायद्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. 1931 मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि 1932 मध्ये दोराबजींनी त्याच रोगाच्या संशोधनासाठी हा निधी ठेवला. आपल्या मुंबईच्या बाईच्या नावाचा पैसा विलायतेतल्या आयांची दारे वाजवायला उपयोगी पडला.

उत्तरे जुळवली तेव्हा एक गोष्ट वर आली. मूल पोटात असताना ज्यांच्या पोटाचा एक्स-रे काढला होता, अशा आया मूल गेलेल्यांत जवळजवळ दुप्पट होत्या. त्या काळी मूल आडवे आहे का, जुळे आहे का, कमरेची हाडे पुरेशी रुंद आहेत का, हे बघायला सर्रास एक्स-रे काढीत. 1956 मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये थोडक्यात छापले आणि 1958 चा हा लेख म्हणजे त्याचा पुरा हिशेब. रोग मुळात दुर्मीळ, म्हणून दुप्पट झाला तरी बहुसंख्य मुलांना काही झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर येथून जाऊन कोणी उगाच काळजी करीत बसेल.

आणि मग काय झाले? डॉक्टरांनी मानले नाही. आक्षेप असा, की जिचे मूल गेले ती आई रात्रंदिवस आठवून आठवून सारे सांगणार. जिचे मूल अंगणात खेळते ती विसरणार. मग आयांच्या आठवणीवर शास्त्र कसे उभारायचे? हे प्रथम ऐकले तेव्हा मला रागच आला. आईची आठवण म्हणजे काय भाकडकथा? भाची म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. प्रश्न रास्त होता. प्रश्न विचारला म्हणूनच तर उत्तर शोधले गेले."

1960 मध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून देणाऱ्या डॉल यांनीच, गरोदरपणी एक्स-रे काढलेल्या आयांची 39 हजारांहून अधिक मुले तपासून लिहिले, की रक्ताचा कर्करोग वाढलेला दिसत नाही. तोही लेख छापून आला. झाले, स्ट्युअर्टबाईंचे म्हणणे मागे पडले. परंतु 1962 मध्ये अमेरिकेत मॅकमेहन यांनी आयांना काही विचारलेच नाही. इस्पितळांच्या जुन्या वह्यांतून 7 लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी घेतल्या आणि एक्स-रे कोणाचा काढला ते तेथेच बघितले. वह्यांतूनही तेच निघाले. प्रमाण दुप्पट नव्हे, शेकडा 40 जास्त, पण वाढ होतीच. म्हणजे आया खरे बोलत होत्या.

वाद तरी संपला नाही. एक लेख येई, त्यावर दुसरा येई. शेवटी 1997 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिओलॉजी'मध्ये त्याच डॉल यांनी वेकफर्ड यांच्यासह सारा जुना-नवा पुरावा तपासून लिहिले, की होय, पोटातल्या बाळाला लागलेला एक्स-रे कर्करोगाला कारण होतो. स्ट्युअर्टबाई तेव्हा नव्वदीत होत्या. 2002 मध्ये त्या गेल्या. एकोणचाळीस वर्षे! त्यातल्या पहिल्या किती वर्षांत किती बायकांना त्या टेबलावर निजवले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. छापणे तपासून व्हावे हे मला पटते. पण बाईचे सांगणे खरे ठरवायला वह्या लागतात, हे अजून पुरते पचत नाही. भाचीशी माझा यावर वाद आहे आणि तो चालूच राहील. (मोडलेल्या हाडाचा किंवा छातीचा एक्स-रे डॉक्टरांनी सांगितला तर जरूर काढावा. दिवस गेले असल्यास किंवा तशी शंका असल्यास आधी सांगावे, एवढेच.)

आता भाचीच्या लेखाकडे येते. परीक्षकांची मुख्य तक्रार काय होती? ज्यांची गाठ साधी वाटली त्यांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावले होते, पण जवळजवळ तिसरा हिस्सा बायका आल्याच नाहीत. "या बायकांचे पुढे काय झाले?" असे त्यांनी विचारले आणि हिच्याकडे उत्तर नव्हते. हिला वाटले, माझे काम वाया गेले. मी विचारले, "का नाही आल्या?" ती म्हणाली, "ते तूच सांग ना, मावशी."

तेव्हा मला कबूल करावे लागले. गेल्या वर्षी मलाही अशीच एक लहान गाठ निघाली होती. दुसऱ्याच दवाखान्यात. सहा महिन्यांनी या म्हणून कागदावर लिहून दिले होते. त्या महिन्यात घरी पाहुणे, मग धाकट्याची परीक्षा, मग पापड-कुरडयांचे दिवस. दुखत तर नव्हते. तो कागद देवघराच्या खणात पडून राहिला. घरात कोणाला बोलले नव्हते. भाचीने मला शब्दाने दोष दिला नाही, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तो कागद शोधून काढला आणि गेले. गाठ होती तेवढीच आहे. पुन्हा सहा महिन्यांनी बोलावले आहे, आणि ती तारीख या वेळी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिली आहे, सर्वांना दिसेल अशी.

भाचीने राहिलेल्या बायकांना फोन लावायला घेतले. काहींचे नंबर बदललेले, काहीजणी "यजमानांना विचारते" म्हणून ठेवून देत. दोन रविवार मी तिच्या शेजारी बसून बोलले, कारण बायका माझ्याशी मोकळे बोलतात. नावे मला कळू नयेत म्हणून नंबर ती लावी, नाव ती विचारी, आणि बाईची हरकत नसेल तर मगच फोन माझ्याकडे देई. पुष्कळजणी येऊन तपासून गेल्या. एकीची गाठ वाढलेली निघाली, तिच्यावर उपचार सुरू झाले आहेत. लेख नव्याने लिहून गेल्या महिन्यात पुन्हा पाठवला आहे. अजून उत्तर आलेले नाही.