समाधीच्या ओळी आणि वंशावळ

(समुद्रपूर येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या दशनामी समाजात देहास अग्नी न देता बसलेल्या स्थितीत समाधी देण्याची रूढी आहे. त्यामुळे पूर्वजांच्या जागा तरी शोधता येतात. येथील आमच्या घराण्याच्या समाधिस्थळी मी गतवर्षी एकेक चौथरा पाहिला. शिलालेख एकही नाही; कोठे शिवलिंग, कोठे पादुका. पाच चौथरे एका ओळीत दिसले, तेव्हा मी पाच पिढ्या मांडल्या आणि मोठ्या अभिमानाने घरी सांगितल्या! थोरल्या आत्याबाईंनी त्यांतील दोन तत्काळ खोडल्या. ते दोघे मठातील गुरू व शिष्य. आमच्या रक्ताचे नव्हेत. गिरी, पुरी, भारती ही नावे पुत्रास मिळतात तशी शिष्यासही मिळतात, हे मी विसरलो होतो.

म्हणून केवळ ओळीवर विसंबू नये. मृत्यूची नोंद जुन्या कोतवाल बुकात पाहावी, जागेची निस्तार पत्रकात. भटक्या जमातींच्या जात-पडताळणीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तेथे चुकीची वंशावळ मुलांना भोवते.

उरलेल्या तिघांपैकी दोघांची नावे आत्याबाईंनी सांगितली. ती मी वहीत टिपली आहेत. तिसऱ्यापाशी त्या थांबल्या. "ते तुझ्या आजीस ठाऊक होते रे," एवढेच म्हणाल्या.