खिशांतलें गणितयंत्र



गुणाकार करतांना आपण हातचा ठेवतों. सात अठ्ठे छप्पन्न. सहा लिहिले, हातचे पांच. हे पांच आपण बोटांवर नाहीं तर मनांत धरून ठेवतों, आणि पुढच्या गुणाकारांत मिळवून मोकळे होतों. गणित करणाऱ्या कोणत्याहि यंत्रापुढें पहिली अडचण हीच असते कीं, हातचा ठेवावयाचा कोठें? चक्रांच्या यंत्रांत एक चक्र पुरें फिरलें म्हणजे तें शेजारच्या चक्राला एक दांता पुढें ढकलतें. विजेच्या यंत्रांत चक्रें नसतात. तेथें विजेचा एकेक खटका 'आहे' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगूं शकतो. शून्यापासून नऊपर्यंतचा एक आंकडा लक्षांत ठेवावयास असे चार खटके लागतात. म्हणजे बारा आंकडी संख्येला अठ्ठेचाळीस झाले. शिवाय दुसरी संख्या, उत्तर, आणि कोणतें काम केव्हां करावयाचें हें सांगणारी निराळी व्यवस्था. पाहतां पाहतां शेंकडों खटके व हजारों सांधे होतात. खिशांत मावणारें गणितयंत्र कसें जन्मास आलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि माझ्या मतें ही हकीकत खटक्यांची नसून सांध्यांची आहे.

१९६१ सालीं इंग्लंडांतील बेल पंच कंपनीनें 'अनिता' नांवाचें टेबलावर ठेवावयाचें विजेचें गणितयंत्र विकावयास काढलें. त्यांत जुन्या रेडिओंत असत त्या जातीच्या नलिका होत्या. १९६४ सालीं जपानच्या शार्प कंपनीनें नलिकांच्या जागीं ट्रान्झिस्टर घातले. या यंत्राचें वजन २५ किलो आणि किंमत ५,३५,००० येन होती. खटका लहान झाला, पण यंत्र कांहीं लहान झालें नाहीं; कारण प्रत्येक भाग सुटा, आणि त्याची प्रत्येक तार डाखानें जोडलेली. हजार सांधे चांगले आणि एक कच्चा असला, तरी सारें यंत्र खोटें बोलूं लागतें. मुलांच्या वह्या तपासणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको.

या सांध्यांवरचा तोडगा मात्र तोंपर्यंत निघालेला होता. अमेरिकेंत डॅलस येथें टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी आहे. १९५८ च्या उन्हाळ्यांत तेथील बहुतेक मंडळी एकदमच रजेवर गेली. जॅक किल्बी हा एंजिनियर नुकताच नोकरीस लागलेला. त्याची रजा अजून सांठलेली नव्हती, म्हणून तो एकटा प्रयोगशाळेंत बसून राहिला. त्याच्या मनांत असें आलें कीं, ट्रान्झिस्टर, रोधक व धारक हे सारे भाग जर एकाच पदार्थाचे करतां येतात, तर ते आधीं सुटे करून मग जोडीत बसण्याचें कारण काय? २४ जुलै रोजीं ही कल्पना त्यानें आपल्या वहींत टिपली, आणि १२ सप्टेंबरला जर्मेनियमच्या एका लहानशा कपच्यावर बसविलेलें सबंध विद्युन्मंडल चालवून दाखविलें. यालाच आपण चिप म्हणतों. तरी त्या कपच्यावरहि बारीक सोन्याच्या तारा हातानें जोडलेल्या होत्या. सांधा उरलाच होता. तो घालविला फेअरचाइल्ड कंपनीच्या रॉबर्ट नॉइसनें १९५९ सालीं. सिलिकॉनच्या पृष्ठावर रोधक थर ठेवावा, त्या थरावर धातूची बारीक रेघ उमटवावी, आणि त्या रेघेलाच तार समजावें, अशी त्याची युक्ति. किल्बीला २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. नॉइस १९९० सालींच वारला होता, आणि मृतास तें पारितोषिक देत नाहींत. श्रेयाचे दोन वांटे करावयाचे झाले तर मी ते सारखेच करीन.

आतां गंमत पाहा. औषध हातीं आलें, पण रोगी मिळेना! चिपा इतक्या महाग होत्या कीं, त्या घेणारे म्हणजे मिनिटमन क्षेपणास्त्रें आणि चंद्रावर जाणारें अपोलो यान. चार घरांतल्या माणसांनीं त्या घ्याव्यात असें काय बनवावें? टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे प्रमुख पॅट्रिक हॅगर्टी यांनीं हें कोडें १९६५ सालीं किल्बीपुढें ठेवलें, आणि तळहातावर मावणारें गणितयंत्र करावयाचें ठरलें. म्हणजे हिशेबनिसांनीं यंत्र मागितलें म्हणून चिप निघाली नाहीं. चिपेला काम हवें होतें, म्हणून यंत्र निघालें. काम मुख्यतः जेरी मेरीमन व जेम्स व्हॅन टॅसल यांच्याकडे आलें. मेरीमन कॉलेजांत गेला होता, पण पदवी न घेतांच बाहेर पडला होता. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यास ही गोष्ट सांगतांना थोडें बरें वाटतें. १९६७ सालीं यंत्र चालूं लागलें. तें चारी कृत्यें करी, विजेच्या घटावर चाले, आणि उत्तर कागदाच्या पट्टीवर उष्णतेनें छापून देई. त्यावरून केलेलें जपानच्या कॅनन कंपनीचें 'पॉकेट्रॉनिक' १९७० सालीं बाजारांत आलें. नांव खिशाचें खरें, पण तेवढा खिसा कोणता शिंपी शिवून देता कोण जाणे!

जपान्यांना त्या वेळीं या धंद्याची फारच निकड होती. शार्पच्या तादाशी सासाकी यांनीं अमेरिकेंतील रॉकवेल कंपनीकडून चिपा करवून घेतल्या. १९६९ सालच्या त्यांच्या यंत्रांत त्या अवघ्या चार होत्या. बिझिकॉम या दुसऱ्या कंपनीनें एकाच वेळीं दोन दारें ठोठावलीं. मॉस्टेकनें तिला सगळें यंत्र एकाच चिपेंत घालून दिलें, आणि १९७१ च्या आरंभीं खरोखर खिशांत जाणारें यंत्र झालें. इंटेलकडे तिनें मोठ्या यंत्रासाठीं निरनिराळ्या कामांच्या चिपा मागितल्या होत्या. इंटेलच्या टेड हॉफचें म्हणणें पडलें कीं, इतक्या चिपा करण्यापेक्षां सांगावें तें काम करणारी एकच करावी. फेदेरिको फॅजिन व बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांनीं ती सिद्ध केली. तीच २३०० ट्रान्झिस्टरांची '४००४'. इंटेलनें ६०,००० डॉलर परत करून ती इतरांस विकण्याची मोकळीक मिळविली, आणि १९७१ च्या नोव्हेंबरांत ती जाहीर केली. पुढील संगणकांचा वंश तिच्यापासून चालला. खुद्द बिझिकॉमचें दिवाळें मात्र १९७४ सालीं वाजलें.

या धंद्यांत असे पुष्कळ बुडाले. अमेरिकेंतील बोमार कंपनीनें १९७१ सालीं २४० डॉलरांना सुरेख यंत्र काढलें. त्यांतली चिप टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची. दुसऱ्याच वर्षीं टेक्ससवाल्यांनीं स्वतःचें यंत्र विकावयास काढलें. आटा विकणाऱ्यानेंच खाणावळ घातल्यावर शेजारच्या खाणावळीचें काय होणार? १९७५ सालीं बोमार दिवाळखोरींत गेली. सांधे गेल्यावर यंत्र जुळविण्याचें कौशल्यहि गेलें होतें. उरली ती पेटी, कळा आणि किंमत.

१९७२ सालीं ह्यूलेट-पॅकार्डचें पस्तीस कळांचें यंत्र ३९५ डॉलरांना निघालें. त्यांत ज्या व लॉगॅरिथम येत असल्यामुळें थोड्याच वर्षांत एंजिनियरांची सरकपट्टी अडगळींत पडली. मला त्याचें थोडें वाईट वाटतें. सरकपट्टी दशांशचिन्ह कोठें द्यावयाचें तें सांगत नाहीं, म्हणून उत्तर साधारण केवढें येईल याचा अंदाज आधीं स्वतः करावा लागे. नवें यंत्र सारेंच सांगत होतें, आणि क्वचित् चुकीचेंहि. आरंभींच्या यंत्रांत २·०२ चा नैसर्गिक लॉगॅरिथम काढून उलट फिरलें, तर उत्तर नुसतें २ येई. अंदाज करणाऱ्यासहि हें खरेंच वाटलें असतें!

माझें मन सर्वांत रमतें तें इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरच्या यंत्रांत. १९७२ सालीं त्यानें एक सेंटिमीटरहून कमी जाडीचें यंत्र केलें. त्यांत श्रवणयंत्रांत घालतात तसे बटणाएवढे विद्युत्घट होते, आणि चिपेची भूक त्यांना पुरवणारी नव्हती. परंतु वीज तोडली तरी चिपेंतला भार क्षणांशभर टिकून राहतो. तेवढ्यापुरता तिच्याजवळचा हातचा ती विसरत नाहीं. म्हणून त्यानें वीज सतत न देतां तोडून तोडून दिली, आणि घट कितीतरी अधिक वेळ चालले.

१९७४ सालीं त्यानें ज्या व लॉगॅरिथम काढणारें स्वस्त यंत्र केलें. चिप मुळांत चार कृत्यांपुरतीच. तिच्यांत फक्त ३२० सूचनांची जागा. नायजेल सर्ल यानें तेवढ्यांतच तें सारें बसविलें. उत्तराचे शेवटचे आंकडे खात्रीचे नसत, आणि पाय व इतर स्थिर संख्या लक्षांत ठेवावयास चिपेंत जागाच उरली नव्हती. त्या त्यानें यंत्राच्या पेटीवर बाहेरून छापून दिल्या होत्या. गिऱ्हाइकानें त्या वाचाव्या आणि स्वतःच्या बोटानें आंत घालाव्या.