जुनी नाणी आणि खोटे विक्रेते



गोमंतकातील जुन्या घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी नाण्यांची एखादी पुरचुंडी बहुधा सापडतेच. तीत पोर्तुगीज राजवटीतील रुपिया असतो, १९५९ सालचे सहा एस्कुदांचे नाणे असते, क्वचित व्हिक्टोरिया राणीचा रुपयाही असतो. रुपिया जाऊन एस्कुद आला तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुद असा भाव ठरला होता. सहाचे ते नाणे त्या भावाची खूण होय. पूर्वी अशी नाणी सराफाच्या दगडावर वाजवून पारखली जात. आता ती मोबाइलच्या पडद्यावर विकली जातात आणि पडद्यावर नाणे वाजवून पाहता येत नाही. खोट्या विक्रेत्याचे सारे फावते ते येथेच.

समजा, एका शिक्षकाने शाळेच्या इतिहास-दालनासाठी ऑनलाइन बाजारपेठेतून 'अस्सल शिवराई' मागविली. छायाचित्रात 'श्री राजा शिव' ही अक्षरे संपूर्ण व सुबक दिसत होती आणि किंमतही परवडणारी होती. या सुबकतेनेच शिक्षकास सावध करावयास हवे होते. शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली असे. ठसा मोठा व तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे काही अक्षरे कडेबाहेर जात आणि एक नाणे दुसऱ्यासारखे तंतोतंत नसे. एकाच विक्रेत्याच्या दोन शिवरायांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर दोन्ही एका साच्यातून ओतलेल्या आहेत असे समजण्यास हरकत नाही. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे असतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट असतात व कडेवर जोडाची रेषा राहते. शिवकालीन सोन्याचा होन तर अत्यंत दुर्मिळ आहे. तो काही हजार रुपयांत घरपोच येत असेल, तर अधिक तपासाची गरजच नाही.

चांदीच्या रुपयाची परीक्षा त्याहून सोपी आहे. व्हिक्टोरिया राणीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असते. १८८१ व १८८२ सालचा लुईश राजाचा रुपियाही त्याच वजनाचा व त्याच कसाचा आहे. झिजेने वजन थोडे उतरते, परंतु साडेनऊ-दहा ग्रॅम भरणाऱ्या रुपयावर विश्वास ठेवू नये. लोहचुंबकास चिकटला तर तो चांदीचा नव्हेच. न चिकटला म्हणून मात्र तो चांदीचा ठरत नाही, कारण पितळही चिकटत नाही. १९३९ सालचा रुपया फार थोडा उपलब्ध असल्यामुळे १९३८ सालच्या रुपयावरील आकडा कोरून बदलला जातो. तेथे वजन बरोबर भरते. भिंगातून शेवटचा आकडाच पाहावा लागतो.

राम-दरबाराचे चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा' अशी अक्षरे असलेले तुकडे लाखो रुपयांच्या बाता मारून विकले जातात. कंपनीने सर्व प्रांतांसाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ सालापासून, आणि एक आण्याचे नाणे सरकारी टांकसाळीतून चलनात आले ते १९०७ साली. तांदूळ ओढून घेणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याविषयी तर बोलावयासच नको.

नाणे मागविण्यापूर्वी ते वजनकाट्यावर ठेवून काढलेले व कडेचे छायाचित्र मागावे. अस्सल माल असलेल्यास ते देण्यात अडचण नसते. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये परवाना लागतो, तोही विचारावा. बाजारपेठेबाहेर परस्पर पैसे पाठवा, स्वस्तात देतो, असे म्हणणाऱ्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

खोटे नाणे हाती आलेच, तर प्रथम जाहिरात व तिच्यातील छायाचित्रे मोबाइलमध्ये टिपून ठेवावीत, कारण तक्रार होताच ती नाहीशी होतात. वेष्टन फेकू नये, नाणे घासू नये. नंतर विक्रेत्यास बाजारपेठेच्याच संदेशव्यवस्थेतून सौम्य शब्दांत वजन कळवून पैसे परत मागावेत. काही विक्रेते स्वतःच फसलेले असतात व मुकाट्याने रक्कम परत करतात. लबाड मात्र अर्धे पैसे घेऊन तक्रार मागे घ्या म्हणतो, किंवा नाणे भलत्याच पत्त्यावर पाठवावयास सांगतो. तसे पाठविल्यास नाणेही जाते व पुरावाही. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीस भिण्याचे कारण नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बनावट अथवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि बाजारपेठेच्या तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व एका महिन्यात निवारण करावयाचे असते.

तेथे दाद न लागल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत दावा मांडता येतो व पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही. पैसे परस्पर पाठविल्यावर विक्रेता गडप झाला असेल, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. जुन्या नाण्याची खोटी प्रत अस्सल म्हणून विकणे हा चालू चलनाच्या बनावटीचा नव्हे, तर फसवणुकीचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार त्याच शब्दांत लिहावी.

उलट बाजूनेही गंडा घातला जातो. पेटीतील नाणे विकावयास काढणाऱ्यास रिझर्व्ह बँकेच्या नावाने कर वा दलाली मागितली जाते. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की, अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही व ती असे कोणतेही शुल्क घेत नाही.

त्या शिक्षकापुढे एक मोह उरतोच. हीच शिवराई दुसऱ्यास विकून पैसे वसूल करण्याचा. जाणूनबुजून तसे करणारा स्वतःच फसवणूक करणारा ठरतो, आणि नाणे दालनात 'अस्सल' म्हणून ठेवले तर वर्षानुवर्षे मुले खोटाच इतिहास पाहत राहतील. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते पाकिटात जपावे. परत करावे न लागल्यास त्यावर 'आधुनिक प्रतिकृती' अशी चिठ्ठी लावून दालनात ठेवावे. शेजारी एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीने पेटीतून काढून दिलेला रुपिया व प्रयोगशाळेतील तराजू ठेवावा. वजन मुलेच करतील.